एक्केचाळीस उजवे डोळे

"दे म्हटलं ना!"

"हलू नकोस. हनुवटी वर."

"हनुवटी गेली खड्ड्यात. छोटे, तो डोळा माझ्या हातात दे."

"दोन मिनिटं थांब रे दादा. बुबुळाच्या कडेला पिवळा कमी पडलाय. हे बघ, इथे... म्हणजे तुला नाही दिसणार."

"मला काहीच दिसत नाहीये. आधी तो दिवा बाजूला घे. आहे तो डोळाही जाळतेस काय?"

तिने दिवा तसूभरही हलवला नाही. डाव्या हाताने भावाची हनुवटी धरून ठेवली, आणि उजव्या हातातला प्लास्टिकचा डोळा त्याच्या खऱ्या डोळ्याशेजारी धरून ती एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरची ही टोकाची खोली. उत्तरेला मोठी खिडकी, खिडकीखाली दोन टेबलं. पलीकडच्या टेबलावर तिची जोडीदारीण पॉलिशच्या चाकावर कुणाचा तरी डोळा घासत होती. भांडण सुरू झाल्यापासून ती चाकाचा आवाज मुद्दाम वाढवत होती.

"काल डॉक्टरांनी खोबण तपासली," दादा म्हणाला. आता त्याचा आवाज उतरला होता, आणि तेच वाईट होतं. "आकसत चाललीय म्हणाले. या आठवड्यात डोळा बसला तर बसला. नंतर आतलं कातडं कापून जागा करायची, आणि तरी बसेलच असं नाही. ऐकतेस का?"

"ऐकतेय."

"ऐकत नाहीयेस, बघतेयस. दोन वर्षं नुसती बघतेयस." त्याने तिचा हात हनुवटीवरून काढला आणि रिकाम्या खोबणीवर काळी पट्टी ओढली. "सलूनात माझ्या खुर्चीत माणसं झोपायची, माहितीये ना तुला? तोंडाला साबण लावला की घोरायला लागायची. आता वस्तरा गळ्याशी नेला की डोळे टक्क उघडे. आरशातून माझ्या या पट्टीकडे बघत बसतात. मालक काही बोलत नाही, पण परवापासून मला फक्त टॉवेल धुवायला दिलेत."

"उद्या देते. शप्पथ."

"चार वाजता येतो. हा दे, नाहीतर दुसरा दे, पण आज मी डोळा घालून जाणार. नाहीतर या खोलीचं तोंड बघणार नाही. तुझंसुद्धा."

तो गेला. जाताना नेहमीप्रमाणे त्याचा उजवा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. त्या बाजूचं त्याला काही दिसत नसे.

चाक थांबलं. "मिलीमीटरबाई," पलीकडून आवाज आला, "देऊन टाक गं त्याला."

मिलीमीटर हे तिचं खोलीतलं नाव. चौदा वर्षांपूर्वी ती इथे कामाला लागली, त्याच आठवड्यात तिने टेबल भिंतीपासून किती लांब आहे ते मोजून दोन्ही टोकांचा फरक सगळ्यांना सांगितला होता, तेव्हा पडलेलं. जोडीदारणीला पाचवाली म्हणत, कारण पाचच्या ठोक्याला ती ब्रश धुऊन उलटा ठेवी, मग बुबुळ अर्धं रंगवलेलं का असेना. कामात दोघी सारख्याच कडक. लाल शिरा काढायला रेशमाचा धागा उसवून त्याचा एकेक तंतू वेगळा करायचा, तो भिंगाखाली पांढऱ्यावर चिकटवायचा, वाकडा गेला तर सगळं पुसून पुन्हा. पाचवालीही पुसायची. पण पुसताना शीळ घालायची. मिलीमीटर पुसायला लागली की खोलीत कुणी बोलत नसे.

हे आजचं नव्हतं. शाळेत शुद्धलेखनाचं पान तिला पुरायचं नाही. एक अक्षर खोडायची, मग शेजारचं त्याच्यापुढे फिकं दिसायचं, म्हणून तेही. खोडता खोडता कागदाला भोक पडायचं आणि त्या भोकातून मागचं पान डोकावायचं. आई कामावर, वडील नव्हतेच. दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो यायचा, भोकाला मागून कागदाचा तुकडा चिकटवायचा, वही मिटायचा आणि म्हणायचा, "झालं." मग ती झोपायची. चित्रकलेच्या परीक्षेला "झालं" म्हणायला दादा वर्गात नव्हता, तर तिने तीन तास एकच सफरचंद पुसून काढलं आणि कोरा कागद देऊन आली. हा डोळे बनवायचा अभ्यासक्रमही दादानेच शोधून काढला. "तुझ्यासारखीला पाहिजेच असतं तिथे," म्हणाला. तिने पहिला डोळा बनवला तेव्हा तो दाखवायला ती सलूनात धावत गेली होती. दादाने हातातली कात्री ठेवली, डोळा उजेडात धरला, गिऱ्हाइकालाही दाखवला आणि म्हणाला, "झालं."

मग दोन वर्षांपूर्वी सलूनात नवा आरसा बसवताना काच तडकली आणि तिचा एक कण दादाच्या उजव्या डोळ्यात गेला. डोळा काढावा लागला. दादा शुद्धीवर आल्यावर पट्टीखालून हसला होता. "बरं झालं, घरचाच कारखाना आहे."

बाकीच्यांचे डोळे वेळेवर जात, कारण तारीख आली की पाचवाली ते तिच्या हातातून सरळ काढून घेई. "सोड. सोड गं. सोडतेस की चावू?" अशी. पण दादाचा डोळा वहीत नोंदवलेला नव्हता. तो घरचा. त्याला तारीख नव्हती.

पहिला बनवला, नापसंत केला. दुसरा, तिसरा. सहावा लावून बघताना दादा आरशात वाकला आणि म्हणाला, "झालं, छोटे. छान झालं." आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तू कसं सांगणार? तुला एकच डोळा आहे."

दादाने आरसा खाली ठेवला. त्या दिवसापासून तो शब्द त्याने उच्चारला नाही. तिनेही मागितला नाही. सातवा बनवायला घेतला.

आता एक्केचाळीस होते, टेबलाच्या खालच्या खणात, कापसावर. ते पालथे ठेवायची सवय तिने कधीतरी लावून घेतली होती. खण उघडला की सगळे एकदम वर बघत, आणि सकाळी आल्या आल्या ते तिला नको वाटे.

* * *

बाराच्या सुमारास प्रश्नवाल्या बाईंचं बोलावणं आलं. या बाई मानसतज्ज्ञ. रुग्णालयाने महिन्याभरापूर्वी सगळ्या कारागिरांकडून एक चाचणी भरून घेतली होती. शंभर वाक्यं, प्रत्येकापुढे पाच गोल, 'अजिबात नाही' पासून 'अगदी बरोबर' पर्यंत. पाचवालीने ती डबा खाता खाता भरली होती. मिलीमीटरने घरी नेली, चार दिवस ठेवली, आणि खाडाखोड झाली म्हणून दुसरा कागद मागून घेतला.

दोघी बाईंच्या खोलीत जाऊन बसल्या.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "यात पास-नापास नसतं."

"मग बरोबर उत्तरं कशी कळतात?" मिलीमीटरने विचारलं.

पाचवाली खिदळली. बाईही हसल्या. मग त्यांनी पारदर्शक प्लास्टिकचे दोन कागद काढले. एकेकावर एकेक रेघ होती, वरखाली जाणारी. "ही तुमची, ही तुमची. तुमची हरकत नसेल तर एक गंमत दाखवते."

दोघींनी माना हलवल्या. बाईंनी एक कागद दुसऱ्यावर ठेवला, कडा जुळवल्या आणि खिडकीच्या काचेवर धरला.

मिलीमीटर काचेकडे सरकली. दोन रेघा एकच झाल्या होत्या. नीटनेटकेपणा, शिस्त, स्वतःकडून अपेक्षा, कामातला चोखपणा... रेघ वर चढली, खाली आली, आणि कुठे केसाइतकीही फाकली नाही. इतकं जुळलेलं तिने आपल्या कामातही कधी पाहिलं नव्हतं.

"बघितलंत? काटेकोरपणात दोघी एका साच्यातून काढल्यासारख्या. लोकांना वाटतं, काटेकोर असणं हाच रोग. तसं नाही हो. तेवढं नसतं तर तुम्ही डोळे बनवू शकला नसतात. आता इथे बघा." बाईंचं बोट उजव्या टोकाला गेलं.

तिथे एक रेघ सरळ पुढे गेली होती. दुसरी तुटून वर उडाली होती, कागदाच्या कडेपर्यंत.

"हे काय आहे?"

"चुकीची धास्ती. कामाची उंची दोघींनी सारखीच ठरवलीय. पण यांना चूक दिसली की त्या दुरुस्त करतात आणि घरी जातात. तुम्हाला चूक दिसली की..." बाईंनी तिची भरलेली चाचणी समोर ओढली. "सत्तेचाळिसावं वाक्य होतं, 'चूक सापडली नाही तर मला जास्त भीती वाटते.' बहुतेक लोकांना त्याचा अर्थच कळत नाही, रिकामं सोडतात. तुम्ही शेवटचा गोल भरलाय. इतका दाबून, की कागदाला भोक पडलंय."

बाहेर कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली.

"मला परत भरायचंय," मिलीमीटर म्हणाली.

"का?"

"ती रेघ चुकलीय तिथे. बाकी सगळी बरोबर आलीय. तेवढीच एक जागा नीट केली तर दोन्ही पूर्ण जुळतील."

बाई हसायला लागल्या, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचं हसू जागीच विरलं.

"घरी कुणी आहे का तुमच्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"दादा आहे. चार वाजता येणार आहे."

* * *

जिना चढताना पाचवाली बडबडत होती, "मी म्हणते, माझी रेघ एवढी सरळ कशी आली? मलाही धास्ती वाटते की. सासूची वाटते." मिलीमीटरचं लक्ष नव्हतं. तिला दोन कागद दिसत होते, एकावर एक, काचेवर. वेगवेगळे बघितले असते तर काही कळलंच नसतं. एकत्र ठेवल्यावर कळलं.

तिने खालचा खण पूर्ण बाहेर ओढला आणि टेबलावर ठेवला. एकेक डोळा उचलला, मागचा आकडा वाचला आणि खिडकीखाली पांढऱ्या कापडावर ओळीने मांडायला लागली, एकपासून एक्केचाळीसपर्यंत. पालथे नाही, उताणे. प्रत्येक डोळा बनवताना तिने फक्त त्याच्या लगेच आधीचा शेजारी घेतला होता. सगळे एकत्र कधी मांडले नव्हते.

मांडून झाल्यावर ती एक पाऊल मागे सरली.

दुपारचे दोन वाजले होते, खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता, आणि त्या उजेडात दादा तिच्याकडे एक्केचाळीस वेळा बघत होता. पण सारखा नाही. पहिल्या डोळ्यातली बाहुली मोठी होती, मऊ, काळी. घरात बसून आपल्या माणसाकडे बघताना असते तशी. पाचव्यात जरा लहान. बाराव्यात आणखी. विसाव्याच्या पुढे बुबुळ पसरत गेलं होतं आणि मधला काळा ठिपका बारीक बारीक होत होता. शेवटचे दहा तर टाचणीच्या टोकाएवढे. तो दादाचा डोळा होता, शंकाच नाही, शीर न् शीर त्याची. पण तो समोर काहीतरी आलेल्या माणसाचा डोळा होता. मागे भिंत असलेल्या माणसाचा.

"अगं बाई," पाचवाली मागून पुटपुटली. "याला काय झालं?"

मिलीमीटरने दिव्याकडे पाहिलं. टेबलाला एक खाच होती, दिव्याचा दांडा सरकायची. दर वेळी बुबुळातले तंतू अजून स्पष्ट दिसावेत म्हणून ती दिवा बोटभर पुढे घ्यायची. बोटभरच. दिवा जवळ आला की बाहुली आखडते, हे डोळे बनवणाऱ्यांना पहिल्या दिवशी शिकवतात. तीच ते नव्या मुलींना शिकवायची. दादाची बाहुली तिने दर वेळी अचूक उतरवली होती. दर वेळी दिवा पुढे घेऊन.

"म्हणजे एकही चुकलेला नाही," ती म्हणाली. तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या टेबलावरून आल्यासारखा वाटला. "त्या त्या दिवशी तो असाच बघत होता. माझ्याकडे."

पाचवाली एकेक डोळा उलटा करून मागचं वाचत होती. मागे आकड्याखाली मिलीमीटरमध्ये रुंदी लिहिलेली असे, त्या दिवशीच्या खोबणीच्या मापाने. "साडेचोवीस. साडेचोवीस. साडेचोवीस... सव्वीस नंबरपर्यंत साडेचोवीस. मग चोवीस. साडेतेवीस. बावीस... हा कालचा वीस." तिने मान वर केली. "मिलीमीटरबाई, सव्वीसला काय झालं होतं?"

सव्विसाव्या वेळी दादाच्या खोबणीत ठेवायचं पारदर्शक कवच फुटलं होतं. डोळा मिळेपर्यंत जागा आकसू नये म्हणून रुग्णालय ते देतं. दादा नवं मागायला निघाला, तेव्हा तीच म्हणाली होती, "कवच कशाला आता? डोळाच येतोय की या आठवड्यात."

त्याला आठ महिने झाले. दर वेळी तिने माप घेतलं होतं, सुबक अक्षरात लिहिलं होतं, आणि डोळा पालथा ठेवला होता.

* * *

दादा चारला दहा कमी असतानाच आला. दारात थबकला. कापडावरच्या ओळीकडे बघत राहिला.

"हे सगळे मीच?"

"हो."

"एवढे दादा खणात कोंडून ठेवलेस, आणि मी एकटाच बाहेर टॉवेल धुतोय." तो हसला, पण कुणी हसलं नाही. तो ओळीच्या शेवटाकडून चालत आला, एकेकावर वाकत. जसजसा पहिल्याकडे येत गेला तसतसा त्याचा चेहरा बदलत गेला. पहिल्यापाशी तो थांबला आणि डोळा तळव्यावर घेतला.

"हा कधीचा?"

"पहिला."

"याला काय झालं होतं?"

"खालची एक शीर. अर्धा मिलीमीटर उजवीकडे गेलीय."

"कुठली?"

"खालच्या पापणीमागे. पापणी ओढल्याशिवाय दिसत नाही."

दादाने आधी तिच्याकडे, मग पाचवालीकडे पाहिलं. "हा पाहिजे मला."

"बसणार नाही," ती म्हणाली. "साडेचोवीसचा आहे. तुझी जागा आता विसाची."

"मग घास."

"घासला तर शिरा जातील. पांढरं उघडं पडेल. दादा, ऐक, एकच दिवस दे. बाहुली पहिल्यासारखी काढते, माप आजचं घेते, दिवा मागे घेते. बेचाळिसावा सगळ्यात—"

"इकडे द्या," पाचवाली म्हणाली.

तिने डोळा दादाच्या हातून घेतला आणि चाक सुरू केलं. मिलीमीटर तिच्या डोक्याशी उभी राहिली. काठावरून पांढरी पूड उडत होती, आणि त्या पुडीत रेशमाचे लाल तंतू. चाक थांबलं. पाचवालीने डोळा धुतला, पुसला, दादाच्या वरच्या पापणीखाली सरकवला. दादा कळवळला. काढला. पुन्हा चाक. पुन्हा लावला. "बोचतंय?" "नाकाकडे." पुन्हा चाक. तीन वेळा, चार वेळा. ती कुठेही घाई करत नव्हती. दर वेळी काठावरून बोट फिरवून बघत होती, ओठ मुडपून, हलकी शीळ घालत.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले. ते मिलीमीटरच्याच लक्षात आलं.

सव्वापाचला डोळा बसला. पाचवालीने हात धुतले, दादाच्या हातात आरसा दिला आणि स्वतः पाठ फिरवून चाक पुसायला लागली.

दादाने आरशात पाहिलं नाही. त्याने मान वर करून बहिणीकडे पाहिलं.

एका चेहऱ्यातून दोन माणसं तिच्याकडे बघत होती. डावा डोळा थकलेला, बारीक केलेला, दिव्याच्या बाजूने अजूनही जरा मिटलेला. उजवा दोन वर्षांपूर्वीचा. काळा, मऊ, उघडा. ज्याने वही मिटली होती, तो. काठ घासल्यामुळे तो किंचित आत वळला होता, एखाद्या केसाइतका, त्यामुळे डावा कुठेही गेला तरी हा तिच्यावरच राही. ती उजवीकडे सरकली. खरा डोळा तिच्या मागोमाग आला. दुसऱ्याला यायची गरजच नव्हती.

"आत वळलाय," तिच्या तोंडून निघालं. "थोडासा. दादा, थोडासा आत वळलाय तो."

दादा उठला. काळी पट्टी त्याने घडी घालून टेबलावर ठेवली, पहिल्या डोळ्याच्या रिकाम्या जागेवर. उरलेले चाळीस तिथून वर बघत होते.

"थांब ना. बोल तरी. दुखतंय का?"

तो दाराकडे निघाला.

"दादा." तिचा आवाज एकदम लहान झाला, शाळेतल्याएवढा. "दादा, झालं ना रे? एकदा सांग. झालं ना?"

दारात तो मागे वळला, आणि त्याचा उजवा खांदा नेहमीप्रमाणे चौकटीवर आपटला, जोरात. त्याचा डावा डोळा गच्च मिटला. उजवा मिटला नाही; घासूनही जाड राहिलेल्या डोळ्यावर पापणी पुरतच नव्हती. चौकटीवरून तो तिच्याकडेच बघत होता, तसाच, मऊ. मग दादाने मान फिरवली आणि काही न बोलता तो जिना उतरून गेला.